नववीत जाण्याआधीची सुट्टी: वाचायचं काय आणि वाचलेलं उलगडायचं कसं

आधी हा छोटा उतारा वाचा. मी परळला मुलांचा उन्हाळी वाचनगट घेते, त्यासाठी मीच लिहिलेला आहे.

‘चाळीच्या नळाला पाच वाजता पाणी यायचं. आजी साडेचारलाच उठायची. बादल्या भरून झाल्या की नळ घट्ट पिळायची, आणि मग पुन्हा एकदा पिळायची. काकाच्या नव्या घरात चोवीस तास पाणी होतं. आजी तिथे राहायला गेली. पहिल्याच रात्री साडेचारला उठली आणि कोरड्या बेसिनसमोर पदर खोचून उभी राहिली.’

आठवी संपवून आलेल्या मुलांना हा उतारा दिला आणि ‘काय वाटलं?’ असं विचारलं की लगेच चार-पाच हात वर होतात. ‘पाणी जपून वापरावं.’ ‘वृद्धांची काळजी घ्यावी.’ ‘चाळीतले लोक कष्टाळू असतात.’

मुलांचा यात काहीच दोष नाही. पहिलीपासून आपण त्यांना गोष्ट सांगतो आणि संपता संपता विचारतो, ‘तात्पर्य काय?’ सात-आठ वर्षं हीच सवय लावली की मूल गोष्ट ऐकतानाच शेवटचा उपदेश शोधायला लागतं. पुढे नववी-दहावीत मात्र प्रश्न वेगळेच येतात. कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकावरच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचं रसग्रहण, म्हणजे कवितेतलं सौंदर्य उलगडून लिहिणं, येतं आणि ते आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तीन मुद्द्यांवर लिहायचं असतं. यात तात्पर्य कुणी विचारत नाही. लेखकाने हे असंच का लिहिलं, हा तिथला खरा प्रश्न असतो. त्याची तयारी सुट्टीतच होते. जूनमध्ये शाळा आणि क्लास एकदम सुरू झाले की कुणाला उसंत नसते.

पुस्तकं: तीनच, पण नीट निवडलेली

राज्य मंडळाच्या शाळांचे निकाल महाराष्ट्र दिनाच्या आसपास लागतात आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे हातात सहा आठवडे. त्यातले आठ-दहा दिवस गावाला जातात, लग्नकार्य असतं, कुणी आजारी पडतं. बत्तीस दिवस वाचनाचे धरा. रोज पंधरा पानं म्हटली तर 480 पानं होतात. तेवढ्यात एक मध्यम कादंबरी, एक कथासंग्रह आणि एक पातळ कवितासंग्रह आरामात बसतो. पहिल्या वर्षी मी गटाला दहा पुस्तकांची यादी दिली होती. जूनमध्ये बहुतेकांची पाच-सहा पुस्तकं अर्धवट आणि एकही पुरं नाही, अशी गत झाली. तेव्हापासून मी तीनच सांगते.

त्यातलं एक पुस्तक निव्वळ स्वतःच्या आवडीचं असू द्या. रहस्यकथा, विनोदी, शिकारकथा, काहीही. दुसरं थोडं वरच्या पायरीचं. तिसरं कवितेचं, आणि ते पातळच हवं, कारण कविता पुन्हा पुन्हा वाचायची असते.

पुस्तक झेपेल का, हे दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या कळतं. मधलं कुठलंही पान उघडा आणि वाचताना न कळलेल्या शब्दागणिक एक बोट मिटा. पान संपायच्या आत मूठ मिटली तर ते पुस्तक सध्या राहू द्या. पण ग्रामीण बोलीतलं पुस्तक असेल तर ही चाचणी लावू नका. माणदेशी, वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी डोळ्यांना अडते, कानाला नाही. तेच पान मोठ्याने वाचून बघा, अर्धे शब्द आपोआप उलगडतात. मालवणी असेल आणि घरात कोकणातली आजी असेल तर तिलाच वाचायला बसवा.

पुस्तकं मिळवायला मुंबईत फार पैसे लागत नाहीत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून आहे, दादर पूर्वेला नायगावात त्याचं संदर्भ ग्रंथालय आहे आणि शाखा शहरात ठिकठिकाणी आहेत. जवळच्या शाखेत जाऊन वर्गणी आणि अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, एवढं विचारून या. शाळेचं ग्रंथालय मे महिन्यात बंद असतं, म्हणून निकालाच्या दिवशीच बाईंना विनंती करून दोन पुस्तकं घ्या. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. तिथे इंग्रजीच जास्त असतात, पण ढीग उपसायची तयारी असेल तर मराठीही सापडतं.

आणि रद्दीवाल्याला विसरू नका. त्याच्याकडे गेल्या काही वर्षांचे दिवाळी अंक वजनावर मिळतात. दिवाळी अंकांची ही परंपरा याच शहरातून निघणाऱ्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली सुरू केली. एका जाडजूड अंकात पाच-सात कथा, तितक्याच कविता आणि दोन-तीन लेख असतात. ज्याला अख्खी कादंबरी बघूनच धडकी भरते, त्याने एका अंकापासून सुरुवात करावी. आपल्याच मालकीचा अंक असल्यामुळे त्यावर पेन्सिलही बिनधास्त चालवता येते.

आणखी एक सोपी वाट आहे. पुढच्या इयत्तेचं पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते आत्ताच उतरवून घ्या, पण अभ्यास म्हणून उघडू नका. धड्याच्या सुरुवातीला लेखकाचा परिचय आणि त्याच्या पुस्तकांची नावं दिलेली असतात. पाठ्यपुस्तकातले पुष्कळ धडे एखाद्या मोठ्या पुस्तकातून उचललेले असतात. जो धडा आवडेल त्याचं मूळ पुस्तक शोधा. शाळेत सगळ्यांनी चार पानं वाचलेली असतील, तेव्हा त्या चार पानांच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे तुम्हाला ठाऊक असेल.

कधी आणि कुठे

मुंबईच्या घरात वाचायला कोपरा मिळणं हाच मोठा प्रश्न असतो. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, धाकट्याचं रडणं. अशा घरातल्या मुलाला ‘एकाग्र हो’ म्हणून उपयोग नाही. सकाळी सहा ते सात चाळीची गॅलरी किंवा इमारतीची गच्ची मिळते, त्या वेळी उकाडाही कमी असतो. वॉर्डातली अभ्यासिका मे महिन्यात, परीक्षा आटोपल्यामुळे, बऱ्यापैकी रिकामी असते. गावाला जाताना कोकण रेल्वेत आठ-दहा तास मिळतात. त्या प्रवासासाठी सोपं पुस्तक घ्या, कवितेचं नको.

एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि दुसरी खोली नसेल तर आईच्या पर्समध्ये.

हातात पेन्सिल

पहिल्या वाचनात सगळ्यात महत्त्वाची सवय म्हणजे खुणा करणं. मी तीनच खुणा शिकवते. जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. जिथे आपोआप थांबायला झालं, हसू आलं, पोटात गोळा आला, तिथे उद्गारचिन्ह. आणि एखादी वस्तू, शब्द किंवा प्रसंग आधी येऊन गेल्यासारखा वाटला तर अधिकचं चिन्ह. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, पट्टीवर खूण करा आणि पानात ठेवा.

बैठक संपली की वही उघडा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पुस्तकातले शब्द जसेच्या तसे, सोबत पान क्रमांक. उजवीकडे तुमचा प्रश्न किंवा शंका. रोज तीन नोंदी पुष्कळ झाल्या. सारांश लिहू नका. सारांशाने वही भरते, डोकं रिकामंच राहतं. गटातल्या एका मुलीने गेल्या वर्षी उजव्या बाजूला लिहिलं होतं, ‘या गोष्टीत आईला नावच नाहीये. का?’ त्या एका ओळीवर आम्ही दीड तास बोललो.

अडलेल्या शब्दासाठी लगेच धावू नका. परिच्छेद संपू द्या, अंदाज बांधा, मग कोश बघा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही इंटरनेटवर खुले आहेत. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची, त्यामुळे जुन्या पुस्तकातला आज मोडीत निघालेला शब्द तिथे हमखास सापडतो.

आता परत त्या नळाकडे

वर दिलेला उतारा पुन्हा वाचा, या वेळी सावकाश, आणि फक्त शब्दांकडे बघा.

नळ आपण बंद करतो, फिरवतो. पिळतो ते कपडे. मग इथे ‘पिळायची’ का? ओला कपडा पिळताना शेवटचा थेंब निघेपर्यंत जोर लावतो, तो जोर आजीच्या हातात आहे. आणि ‘पुन्हा एकदा’. एकदा बंद झालेला नळ दुसऱ्यांदा पिळायची गरज नसते. म्हणजे ही गरज नळाची नाही, तिच्या मनातल्या धास्तीची आहे.

आता क्रियापदं बघा. ‘यायचं’, ‘उठायची’, ‘पिळायची’ हे रोजचं, वर्षानुवर्षांचं. मधेच एक वाक्य येतं, ‘आजी तिथे राहायला गेली.’ तिथून रूपं बदलतात: ‘गेली’, ‘उठली’, ‘राहिली’. हे एकदाच घडलेलं. रोजच्या गोष्टी मागे पडल्या आणि आजी एका वेगळ्या रात्रीत येऊन पडली, हे सांगायला लेखिकेने एकही जास्तीचा शब्द खर्चला नाही. व्याकरणानेच ते काम केलं. व्याकरणाचा तास ज्यांना रुक्ष वाटतो, त्यांना मी मुद्दाम हे दाखवते.

घड्याळाची वेळही बघा. साडेचार दोनदा येतात. पहिल्यांदा त्यांना कारण आहे, दुसऱ्यांदा नाही.

शेवटचा प्रश्न: इथे काय लिहिलेलं नाही? ‘आजीला वाईट वाटलं’, ‘चाळीची आठवण आली’, ‘एकटं वाटलं’ यातलं काहीच नाही. फक्त कोरडं बेसिन आणि खोचलेला पदर. पदर खोचतात तो कामाला लागताना, आणि इथे काम उरलेलंच नाही. ज्या घरात चोवीस तास पाणी आहे तिथली वस्तू ‘कोरडी’ म्हटली आहे, हेही सुटू देऊ नका.

इतकं बघून झाल्यावर पाणी वाचवण्याचा संदेश कुणी काढत नाही. मुलं म्हणतात, ‘सोय मिळाली पण तिचं काम गेलं.’ हे त्यांचं स्वतःचं वाक्य असतं, आणि इथून लिहायला सुरुवात करता येते.

लिहायचं कसं: विधान, आधार, उलगडा

एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगा. आधी विधान, मग पुस्तकातला आधार, मग त्या आधाराचा उलगडा. हा उलगडाच मुलं गाळतात. उदाहरणार्थ, हे एका मुलाचं पहिलं लिखाण: ‘लेखिकेने आजीचं पात्र खूप सुंदर रंगवलं आहे. भाषा साधी व सोपी आहे. उतारा मनाला भिडतो.’ यात चूक एकही नाही, पण हीच तीन वाक्यं जगातल्या कुठल्याही उताऱ्याखाली चिकटवता येतील. स्वतःच्या लिखाणाची हीच परीक्षा घ्या: माझं वाक्य उचलून दुसऱ्या पुस्तकाखाली ठेवलं तर चालेल का? चालत असेल तर ते खोडा.

आठवडाभराने त्याच मुलाने लिहिलं: ‘आजीला पाण्याची सोय मिळते, पण तिच्या दिवसाची सुरुवात हरवते. नव्या घरातही ती साडेचारलाच उठते आणि पदर खोचून उभी राहते. पदर खोचणं ही कामाची तयारी आहे, पण समोरचं बेसिन कोरडं आहे, म्हणजे तिची वाट बघणारं काम तिथे नाही. तिला वाईट वाटलं असं लेखिका लिहीत नाही, ते आपल्याला त्या खोचलेल्या पदरातून कळतं.’ शब्द तेवढेच साधे, पण आता हे दुसऱ्या कुठल्याही उताऱ्याखाली बसणार नाही.

प्रत्येक पुस्तकावर असं एक पान लिहा. तीन पुस्तकं, तीन पानं, बस्स. गाईडमधलं किंवा मोबाइलने लिहून दिलेलं रसग्रहण आधी वाचू नका. नंतर जरूर वाचा आणि तिथे नसलेलं तुम्हाला काय दिसलं ते वहीत नोंदवा.

कादंबरी वाचताना: सांगतंय कोण?

पात्रं, स्थळ, काळ, संघर्ष, प्रतीकं यांची यादी शाळेत मिळेलच. सुट्टीत एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा, निवेदक. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) मी या वयाच्या मुलांना आवर्जून देते. ती पातळ आहे, वाक्यं लहान आहेत, आणि सगळी गोष्ट त्या धनगरांच्या वाडीत नव्याने आलेला तरुण मास्तर सांगतो. तो शिकलेला आहे, बाहेरचा आहे, वाडी त्याला हळूहळू कळते आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. दर दोन-तीन प्रकरणांनंतर थांबून विचारा: मास्तरला काय दिसतंय, काय दिसत नाहीये? हाच प्रसंग एखाद्या धनगर म्हाताऱ्याने सांगितला असता तर? मग खरोखर एक पान त्या म्हाताऱ्याच्या तोंडून लिहून बघा. निवेदक बदलला की काय काय बदलतं, हे दहा व्याख्यांपेक्षा त्या एका पानात जास्त कळतं.

कविता: आधी कान

कविता तीनदा मोठ्याने वाचा, तीही वेगवेगळ्या दिवशी. मग बोटांवर अक्षरं मोजा. ‘मोठा अभंग’ या छंदाच्या प्रत्येक कडव्यात चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच धरायचं. गटात मुलं स्वतः अभंग रचतात, त्यातला एक असा:

पहाटे लोकल
गर्दीत निघाली
कोळीण टेकली
दारापाशी

मोजून बघा. शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा आहे, म्हणून तिथे आवाज आपोआप टेकतो, जशी ती कोळीण दाराला टेकते. रूप आणि आशय एकमेकांना धरून कसे चालतात, हे मुलांना इथे पहिल्यांदा उमगतं. असा एक अभंग रचून झाला की तुकोबांचा कुठलाही अभंग वेगळा ऐकू येतो.

अलंकारांबद्दल एकच सांगते. ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसलं की उपमा, असं नाव लिहून मुलं पुढे जातात. नाव ओळखणं ही अर्धी पायरी. चंद्राला भाकरीचीच उपमा का दिली, ताटाची का नाही, हे लिहिलं की काव्यसौंदर्य लिहिलं.

काळ तपासून घ्या

गिरणगावात राहणाऱ्या मुलांना नारायण सुर्वे यांच्या कविता जवळच्या वाटतात. सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. गटातल्या मुलांनी एकदा ‘माझे विद्यापीठ’मधल्या कवितांवर लिहिलं, ‘यात गिरणी संपाचं दुःख आहे.’ संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला आणि हा संग्रह आहे 1966 चा. घरात आजोबांकडून संपाच्या इतक्या गोष्टी ऐकलेल्या, की मुलांनी त्या कवितेत घालून वाचल्या. त्यांची कळकळ खरी होती, आधार चुकीचा होता. म्हणून वाचायला घेतानाच पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरची पहिल्या आवृत्तीची तारीख वहीत लिहून ठेवा. त्यानंतर एखाद्या रविवारी आजोबांना घेऊन लालबाग-परळ पायी फिरा. कुठे चिमणी उभी आहे, कुठे मॉल झालाय ते बघा आणि परत येऊन त्याच कविता वाचा.

पालकांसाठी थोडंसं

‘किती पानं झाली?’ असं कृपा करून विचारू नका. ‘आज कुठे थांबलीस?’ असं विचारा. मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि मराठी अडखळत वाचत असेल, तर रोज पंधराऐवजी पाच पानं धरा आणि त्यातलं एक तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. त्याच्या उच्चारांना हसू नका, घरात दुसऱ्या कुणालाही हसू देऊ नका. या वयात एकदा लाज वाटली की मूल मराठी पुस्तक मिटतं ते वर्षानुवर्षं उघडत नाही. मी अशी मुलं पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शक्य असेल तर तेच पुस्तक तुम्हीही वाचा. जेवताना आपोआप बोलणं निघतं.

जूनचा पहिला आठवडा

आता नवीन काही वाचायला घेऊ नका. वही उघडा आणि उजव्या बाजूचे सगळे प्रश्न सलग वाचा. काहींची उत्तरं मिळालेली असतील, ती खोडा. जे उरतील त्यातला सगळ्यात जास्त छळणारा एक प्रश्न एका चिठ्ठीवर लिहा, खाली पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक घाला. शाळा उघडली की मराठीच्या पहिल्या तासानंतर ती चिठ्ठी बाईंच्या किंवा सरांच्या हातात द्या.